टँक म्हणजे आमचा तलाव

दिवाळीत गावी गेलो तेव्हा भाचीने इंग्रजीची वही माझ्या मांडीवर आणून टाकली. ती अर्जुनी मोरगावला शाळेत जाते, सहावीत आहे. चाचणीत प्रश्न होता : दिलेल्या शब्दाची जात ओळखा आणि वाक्यात उपयोग करा. शब्द होता 'टँक'. तिने जात लिहिली होती 'नाउन' आणि वाक्य लिहिलं होतं, 'अवर व्हिलेज टँक हॅज लोटस.' नाउनवर बरोबरची खूण होती. वाक्यातल्या टँकभोवती मात्र लाल गोल आणि शेजारी सुबक अक्षरात 'पाँड / लेक'. एक गुण गेला होता.

"मामा, पाटीवर तर टँकच लिहिलं आहे ना?"

लिहिलं आहेच. पाळीवर वडाच्या बुंध्याला टेकलेली एक गंजकी सरकारी पाटी आहे, तिच्यावर इंग्रजीत गावाचं नाव आणि पुढे 'एक्स-मालगुजारी टँक'. पोरीने शब्द पाटीवरून उचलला आणि कमळं डोळ्यांनी पाहिली होती. वाक्य तिचं स्वतःचं होतं, गाइडमधलं नव्हतं. म्हणूनच बहुधा चुकलं.

शिक्षिकेला दोष देण्यात अर्थ नाही. पुस्तकात टँक म्हणजे गच्चीवरची काळी प्लॅस्टिकची टाकी, नाहीतर काचेत मासे असलेला फिश टँक, नाहीतर प्रजासत्ताक दिनाच्या संचलनातला रणगाडा. मी शाळेत होतो तेव्हा आमच्या चित्रातही रणगाडाच होता. मी नागपुरात भाषांतराची कामं करतो, दिवसभर शब्दकोशात डोकं घालून बसतो, आणि तरी तो लाल गोल पाहीपर्यंत मला कधी सुचलं नव्हतं की हा शब्द नक्की कुठला, आणि आमच्या तलावाच्या पाटीवर तो आला कसा. म्हणून त्या रात्री शोधायला बसलो. गावात नेटवर्क पाळीवरच नीट मिळतं, त्यामुळे शोध बराचसा तलावाच्या काठावर बसूनच झाला.

आधी व्याकरण, कारण प्रश्न व्याकरणाचा होता. इंग्रजीत शब्दाची जात त्याच्या अंगावर लिहिलेली नसते, वाक्यात तो कुठे बसला आहे त्यावरून ती ठरते. 'टँक' कर्त्याच्या जागी बसला की नाम. क्रियापदाच्या जागी बसला की तोच शब्द, एक अक्षर न बदलता, क्रियापद. सिनेमा 'टँक' झाला म्हणजे आपटला. टेनिसमध्ये एखादा खेळाडू मॅच 'टँक' करतो म्हणजे जाणूनबुजून हरतो. हा अर्थ जुन्या मुष्टियुद्धातून आला म्हणतात : पैसे खाऊन खोटा मार खाणारा बॉक्सर 'टँकमध्ये उडी मारतो', आणि तिथे टँक म्हणजे पोहण्याचा हौद. 'टँक टॉप' नावाचा बिनबाह्यांचा बनियन तुमच्यापैकी कित्येकांनी ऑनलाइन मागवला असेल. त्याचं नावही त्याच हौदावरून पडलं, कारण हौदात पोहायच्या पोशाखाला शंभर वर्षांपूर्वी 'टँक सूट' म्हणत. दुसऱ्या नामाच्या पुढे बसला की तोच शब्द विशेषणाचं काम करतो. 'टँक्ड' झाला की माणूस ढोसून पडलेला असतो. मोबाइलवर टीम करून खेळणाऱ्यांना आणखी एक अर्थ माहीत आहे : सगळ्यांच्या पुढे उभा राहून मार खातो तो 'टँक', आणि मार खाणं म्हणजे 'टँक करणं'.

मराठीत असं चालत नाही. तलाव म्हटलं की नाम, त्याला कुठेही बसवा. आपल्याकडे मजा वेगळी आहे, लिंगाची. तो तलाव, ती टाकी, ते टाकं. पाणी तेच, पण साठवायची जागा बदलली की लिंग बदलतं. आणि 'टाक'चं काय सांगू! देव्हाऱ्यातला चांदीचा टाक, दौतीत बुडवून लिहायचा टाक, आणि "वही इथे टाक" मधला टाक. भाचीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग आपल्या पेपरात हे का नाही विचारत?" मला उत्तर आलं नाही.

आता शब्दाचं मूळ. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोघांनी १८८६ साली 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा कोश छापला. हिंदुस्थानात राहिलेल्या इंग्रजांच्या तोंडी बसलेले शब्द त्यात आहेत. 'टँक'पाशी ते दोघे अडखळले. एका बाजूला गुजराती आणि मराठीतलं टाकं, राजस्थानातला टांका. दुसऱ्या बाजूला पोर्तुगीज 'टँके', ज्याचं घराणं लॅटिनमधल्या साचलेल्या पाण्याच्या शब्दापर्यंत जातं. १४९८ मध्ये वास्को द गामाबरोबर कालिकतला उतरलेल्या पोर्तुगिजांच्या रोजनिशीत देवळातल्या दगडी हौदाला हाच शब्द वापरलेला आहे. म्हणजे तो त्यांच्या खिशात आधीपासून होता. अखेर कोशकारांनी या शब्दाला दुहेरी मूळ आहे असं मानलं. दोन वेगळ्या गावांतून आलेल्या एकाच नावाच्या दोन माणसांची गाठ पडावी आणि पुढे लोकांनी त्यांना एकच समजावं, तसं काहीतरी. मला हे पटतं. आपला शब्द इंग्रजांनी पळवला, असं छाती फुगवून सांगायची सोय त्यात नाही, पण पटतं.

मराठी टाक्याबद्दल मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी. गडावर गेलात तर कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं पाहिलंच असेल. पाथरवटाची छिन्नी म्हणजे टाकी, 'टाकीचे घाव' म्हणतो तीच. टाकीने खोदलं ते टाकं, असा संबंध लावतात आणि तो कानाला तरी खरा वाटतो. गंमत अशी की कान्हेरी आणि जुन्नरच्या लेण्यांमध्ये दोन हजार वर्षांपूर्वी अशी टाकी खोदून घेणाऱ्यांनी प्राकृतात जे लेख कोरले, त्यांत शब्द वेगळाच आहे, 'पोढी'. वस्तू टिकली, शब्द मेला, नवा शब्द त्याच पाण्यात उतरला. लाल गोल त्या काळीही कुणीतरी काढलाच असेल.

इंग्रजीत सतराव्या शतकाच्या सुरुवातीला 'टँक' आला तो हिंदुस्थानातल्या तळ्याचा, पाणी साठवण्याच्या जागेचा शब्द म्हणून. पेटी, पिंप, टाकी हा अर्थ त्यानंतर, त्याच शतकाच्या शेवटाकडे रुजला. म्हणजे इंग्रजीत या शब्दाचा पहिला अर्थ भाचीने लिहिला तोच होता. बाकीचे सगळे नंतर आलेले पाहुणे.

मुंबईत हा अर्थ अजून पत्त्यांमध्ये शिल्लक आहे. सी. पी. टँक, म्हणजे कावसजी पटेल टँक. दोन टाकी. बाणगंगा टँक. गोवालिया टँक, जिथल्या मैदानावर ऑगस्ट १९४२ मध्ये 'छोडो भारत' सुरू झालं. यातल्या बाणगंगेत पाणी आहे. गोवालिया आणि कावसजी पटेलांची तळी कधीचीच बुजली. बसचा कंडक्टर टँक ओरडतो, पण उतरल्यावर पाणी दिसत नाही. आमच्याकडे पाणी आहे, आणि शब्द चूक ठरतो.

तर आमचं पाणी. गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याआधी हा सगळा भंडारा जिल्हा, तलावांचा जिल्हा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून सहा हजारांच्या वर जुने तलाव मोजले जातात. अर्जुनी मोरगावहून नवेगावबांधला जाताना एसटीच्या खिडकीतून नुसतं मोजत बसा : तलाव, बोडी, बांध्या, पुन्हा तलाव. बोडी म्हणजे लहान, एखाद्या घराची किंवा दोनचार शेतांची. बांधी म्हणजे धानाचं चारी बाजूंनी बांध घातलेलं शेत. इथल्या झाडीबोलीत ळचा र होतो आणि णचा न, म्हणून तलावाची पाळ आमच्या आजीच्या तोंडी 'पार' आणि पाणी 'पानी'.

हे तलाव बांधण्यात ज्यांचं नाव सर्वांत पुढे आहे ते कोहळी. चांद्याच्या गोंड राजांनी सांगितलं होतं म्हणे, जो जंगल तोडून गाव वसवेल त्याला गाव, आणि जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन. परंपरा अशी सांगते. कागद असो नसो, तलाव आहेत. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी याने घातला, त्यालाच लोक कोलासुर म्हणून पुजतात. भोवती सात डोंगर, त्यांना सातबहिणी म्हणतात. हे लोक इंजिनिअर नव्हते, असं म्हणायची पद्धत आहे. मला ती पद्धत आवडत नाही. दोन टेकड्यांच्या मधली नेमकी जागा हेरून कमीत कमी मातीत जास्तीत जास्त पाणी अडवणं, वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात सोडणं, याला इंजिनिअरिंग नाही तर काय म्हणायचं?

आणि तुडुम. ही आमच्या तलावांची सर्वांत हुशार गोष्ट. पाळीच्या पोटातून पाणी बाहेर काढायची वाट. आत पायरीपायरीने उतरती भोकं, प्रत्येक भोकात लाकडी खुंटा. पाणी उतरेल तसा एकेक खालचा खुंटा काढायचा. त्यामुळे नेहमी वरचं पाणी आधी जातं, दाब बेताचा राहतो, पाळीला धक्का लागत नाही, आणि कोणता खुंटा कधी निघाला हे सगळ्या गावाला दिसतं. तेलुगूत तलावाच्या अशाच तोंडाला 'तूमु' म्हणतात. तुडुम आणि तूमु यांचं काही नातं असावं असा माझा अंदाज आहे; वैनगंगेच्या या खोऱ्यापासून तेलंगण काही फार लांब नाही.

इंग्रजांनी १८५४ साली नागपूरचं राज्य खालसा केलं आणि कारभार इंग्रजीत लिहायला घेतला, तेव्हा तलाव, बोडी, बांध सगळ्यांवर एकच शब्द बसला : टँक. हे फक्त आमच्याकडे झालं नाही. तमिळ एरी, कन्नड केरे, तेलुगू चेरुवु, देवळासमोरची पुष्करणी, सगळं टँक. हैदराबादेत हुसेनसागराच्या पाळीला आजही टँक बंडच म्हणतात. एकाच शब्दात सगळं कोंबलं की तक्ता भरायला सोपं जातं. हा टँक किती एकर भिजवतो, एवढा एक रकाना पुरतो.

मग १९१६ साल. हे वर्ष समोर आलं तेव्हा मी पाळीवर एकटाच हसलो. त्या वर्षी लंडनला रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातिजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात कोहळ्यांवर टिपण आहे आणि वैनगंगेच्या खोऱ्यातले मोठे 'टँक' बांधणारे लोक अशी त्यांची ओळख दिली आहे. धान आणि ऊस त्या पाण्यावर होतो, हेही आहे. आणि त्याच वर्षी, १५ सप्टेंबरला, फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत फ्लेर आणि कुर्सेलेत या गावांजवळ इंग्रजांनी पहिल्यांदा लोखंडी रणगाडे चिखलातून पुढे सोडले. ४९ गाडे होते, त्यांतले बरेच सुरुवातीच्या रेषेवर पोचायच्या आधीच बंद पडले. पण नाव त्यांचंही टँक.

ते नाव मुद्दाम खोटं ठेवलं होतं. लिंकन शहरातल्या विल्यम फॉस्टर कंपनीत हे गाडे बनत होते तेव्हा गुप्तता राखायची होती. बाहेरच्याला सांगायचं काय, तर या पाणी वाहून नेणाऱ्या टाक्या आहेत, मेसोपोटेमियाच्या वाळवंटासाठी. आधी 'पाणीवाहक' अशा अर्थाचं नाव सुचलं होतं, पण त्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं डब्ल्यू. सी. होत होती आणि संडासाच्या नावाची समिती कुणाला नको होती, असा किस्सा सांगतात. म्हणून टँक. पाण्याचा शब्द बंदुकीवर पांघरूण म्हणून घातला आणि पांघरूणच नाव होऊन बसलं. आज कुणाही मुलाला विचारा, टँक म्हटलं की त्याला तोफच दिसते. मराठीने तेवढी एक गोष्ट चांगली केली, रणगाडा हा वेगळा शब्द घडवला. नाहीतर "गावात टँक आला" म्हटल्यावर आपली पळापळ झाली असती.

टँकपासून टँकर झाला, आणि त्याच्याबद्दल महाराष्ट्रात कुणाला काही समजावून सांगायची गरज नाही.

पाटीवर परत येतो. 'एक्स-मालगुजारी'. इंग्रजांच्या काळात गावाचा सारा गोळा करणारा मालगुजार हा गावाचा आणि तलावाचाही मालक ठरला. १९५० साली मध्य प्रदेशात कायदा झाला (आपण तेव्हा त्या राज्यात होतो) आणि मालगुजारी संपली. तलाव सरकारजमा झाले. नाव पडलं 'माजी मालगुजारी तलाव'. लिहिताना मा. मा. तलाव, आणि बोलताना मामा तलाव. भाची लहान होती तेव्हा तिला वाटायचं हा तलाव माझाच आहे. "मामा, तुझ्या तलावात मासे किती?" असं विचारायची. मीही कधी नाही म्हटलं नाही.

मालकी बदलली त्याबद्दल माझी तक्रार नाही. मालगुजारांचे दिवस सोन्याचे होते असं आमच्या घरात तरी कुणी म्हणत नाही. आजोबांनी त्यांच्या पाळीवर बिनपैशाची माती टाकली आहे. पण मालगुजार असताना दर उन्हाळ्यात गाळ निघायचा, पार दुरुस्त व्हायची, ती जबाबदारी कोणाची हे ठाऊक होतं. नंतर शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे गेले, मोठे पाटबंधाऱ्याकडे, मासेमारी ठेक्याने सहकारी संस्थांकडे, आणि पोटातली कोरडी पडणारी जमीन ज्याने आधी नांगर घातला त्याच्याकडे. व्याकरणात सांगायचं तर तलाव तोवर कर्ता होता, आता कर्म झाला. त्याच्यावर योजना राबवल्या जातात.

आमच्या तुडुमाच्या जागी काही वर्षांपूर्वी लोखंडी चाकाचं गेट बसलं. कंत्राटदाराचं नाव घेत नाही, घेऊन उपयोग नाही. दोन वर्षांपूर्वी ते गेट ऐन भादव्यात अर्धं उघडं अडकलं. पंधरा दिवस पाणी वाहत राहिलं, कुणाला बंद करता येईना. भारी धानाला शेवटचं पाणी लागतं ते पाऊस निघून गेल्यावर, लोंब भरताना. त्या वर्षी लोंब भरायच्या वेळी तलाव गुडघाभर होता. बाबांनी बांधीत उभं राहून हातात लोंब धरली आणि चोळली, निम्मी पोकळ निघाली. ते काही बोलले नाहीत. घरी येऊन जुन्या तुडुमाचा एक खुंटा, जो त्यांनी कोठ्यात जपून ठेवला आहे, काढून बघत बसले. त्याचं आता काही करता येत नाही, हे त्यांनाही माहीत आहे.

सिंचनाच्या एकरांत न मावणारं कितीतरी या तलावात आहे. ढिवरांचे मासे आहेत. पूर्वी गावठी मासे होते, त्यांची नावं आजीला पंचवीस-तीस तरी येतात. आता बीज सोडायचं ते रोहू, कतला, मृगळचं. कमळकंद आहे, काठावरचं गवत आहे, हिवाळ्यात येणारी बदकं आहेत. वनाधिकारी म्हणून नवेगावला राहिलेल्या मारुती चितमपल्लींनी इथल्या पक्ष्यांचे आणि झाडांचे स्थानिक शब्द गोळा केले, ते बरंचसं अशाच काठांवर बसून. मग बेशरम वाढला. जांभळ्या फुलांचं ते झुडूप दक्षिण अमेरिकेतून आलेलं, गुरं खात नाहीत, उपटलं तरी पुन्हा फुटतं, नाव अगदी बरोबर ठेवलं आहे. अर्जुनी मोरगाव भागात काही गावांत ढिवर बायाबापे आणि त्यांच्याबरोबर काम करणारी माणसं तलावात उतरून बेशरम मुळासकट काढतात आणि जुन्या पाणवनस्पती पुन्हा लावतात, माशांना अंडी घालायला जागा मिळावी म्हणून. चिखलात कंबरेपर्यंत उभं राहून पाण्यात रोवणी. आमच्या गावात हे अजून झालेलं नाही.

दिवाळीची सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मी शिक्षिकेला एक चिठ्ठी लिहिली. भांडणाची नव्हती. कोशातला अर्थ लिहिला आणि पाटीचा फोटो छापून जोडला. आठवड्याने बहिणीचा फोन आला. बाईंनी अर्धा गुण वाढवून दिला होता आणि वर्गात सगळ्यांना पाटीचा फोटो दाखवला होता. मात्र भाचीला बजावलं होतं की वार्षिक परीक्षेला पेपर बाहेरचे लोक तपासतात, तिथे टाकीच लिहायची. हा सल्ला योग्य आहे, मीही तोच दिला असता.

मग फोन भाचीने घेतला.

"मामा, तुडुमला इंग्रजीत काय म्हणतात?"

"स्लूस."

"हा पण आपल्याकडून गेला?"

"नाही," मी म्हटलं, "हा त्यांचाच."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मागे आजी कुणाला तरी ओरडत होती की पारीवर गुरं चढली आहेत.

"मग मी तुडुमच लिहीन," ती म्हणाली आणि फोन आजीकडे दिला.